दिल्ली : चार दिवस, सहा माणसं आणि मध्येच आलेला सोमवार

गिरणाथडी (जळगाव)

राम राम मंडळी. फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात दिल्लीला जायचं ठरलंय. आम्ही दोघं, आई-बाबा, मुलगी नववीत, मुलगा पाचवीत. आईबाबा सत्तरीच्या आसपास आहेत. आई सपाटीवर नीट चालते, पण गुडघ्यांमुळे जिने नकोत. गाडी रविवारी सकाळी निजामुद्दीनला पोचते, परतीचं आरक्षण बुधवारी रात्री नवी दिल्लीहून. मुक्काम करोलबागेत.

कच्चा आराखडा असा :
रविवार – लाल किल्ला, जामा मशीद, चांदणी चौक.
सोमवार – राष्ट्रीय संग्रहालय, पंतप्रधान संग्रहालय, रेल्वे म्युझियम. (सगळी म्युझियमं एका दिवशी उरकायची.)
मंगळवार – कुतुबमिनार, लोटस टेंपल, हुमायूनचा मकबरा, संध्याकाळी अक्षरधाम.
बुधवार – आग्रा, ताजमहाल, रात्री परत दिल्ली आणि गाडी.

हे जमण्यासारखं आहे का? तिकिटं आधी काढावीत की तिथंच? मेट्रो बरी की दिवसभराची गाडी ठरवावी? मुलीला इतिहासाची गोडी आहे, मुलाला रेल्वेची. आपल्या खान्देशाशी संबंध असलेलं तिथं काही असेल तर तेही सांगा.

तापीकाठ (भुसावळ)

दिल्ली एक दिनमा बठ्ठी (सगळी) देखाई जाई, हाऊ भरम पयले काढी टाका.

आता तुमचा सोमवार. राष्ट्रीय संग्रहालय, पंतप्रधान संग्रहालय आणि रेल्वे म्युझियम ही तिन्ही सोमवारी बंद असतात. लाल किल्लाही बंद. लोटस टेंपल आणि अक्षरधामही बंद. गांधी स्मृती, इंदिरा गांधी स्मारक, जयपूर हाऊसमधलं आधुनिक कलादालन, शिल्प संग्रहालय, राष्ट्रपती भवनाची सहल, सगळीकडे तोच वार. रविवारी सकाळी पोचणाऱ्या बहुतेकांचा घोळ इथंच होतो आणि सोमवारी दुपारी मंडळी इंडिया गेटच्या हिरवळीवर शेंगदाणे खात बसलेली दिसतात.

सोमवारी उघडं काय असतं? कुतुब, हुमायूनचा मकबरा, सफदरजंगचा मकबरा, जंतरमंतर, पुराना किल्ला, राष्ट्रीय युद्ध स्मारक, बंगला साहिब गुरुद्वारा. म्हणून तुमचा मंगळवार उचलून सोमवारी टाका, फक्त लोटस आणि अक्षरधाम त्यातून काढा.

रविवार : रात्रभराचा प्रवास झालेला असेल. खोलीवर सामान टाका, अंघोळी करा, आईबाबांना दोन तास पडू द्या. दुपारी राष्ट्रीय संग्रहालय (सकाळी १० ते संध्याकाळी ६), तिथून युद्ध स्मारक. सोमवार : सकाळी कुतुब, दुपारनंतर हुमायून. मंगळवार : लाल किल्ला आणि जुनी दिल्ली. बुधवार : पंतप्रधान संग्रहालय आणि रेल्वे म्युझियम. आग्रा या खेपेला सोडा.

मेट्रो की गाडी, तर मेट्रो. दिल्लीत रिक्षात तीनच जण बसवतात, म्हणजे तुम्हाला प्रत्येक वेळी दोन रिक्षा. सहा जणांची मोठी टॅक्सी मिळते, पण दिवसभरातला निम्मा वेळ ती सिग्नलला उभी असते. करोलबाग ब्लू लाइनवर आहे. कुतुबला जायचं तर राजीव चौकला उतरून यलो लाइन धरायची. लाल किल्ल्याला मात्र राजीव चौकला बदलू नका. तिथून चांदणी चौक स्टेशन मिळतं आणि बाहेर पडल्यावर गल्लीतली रेटारेटी आईंना झेपायची नाही. पुढं मंडी हाऊसपर्यंत जा, तिथं व्हायोलेट लाइन घ्या आणि 'लाल किला' स्टेशनलाच उतरा, किल्ला समोर दिसतो. स्टेशनात लिफ्ट असतेच, फक्त ती कोणत्या फाटकाशी आहे ते फलाटावरच्या फलकावर आधी बघून ठेवा. नाहीतर उलट्या टोकाला जाऊन परत यावं लागतं. गाडीचा पहिला डबा बायकांसाठी राखीव असतो. बाबा चुकून त्यात चढले तर हटकतात.

सातपुडा (रावेर)

वरच्या आराखड्याशी सहमत. कुतुब आणि हुमायूनबद्दल सविस्तर लिहितो, कारण मुलगी नववीत आहे म्हणालात.

तिकिटांचं आधी उरकू. पुरातत्त्व खात्याच्या मोठ्या स्मारकांना (कुतुब, हुमायून) भारतीयांना रोख ४० रुपये, ऑनलाइन ३५. लहान स्मारकांना २५ आणि २०. पंधरा वर्षांखालच्यांना तिकीट नाही, पण मुलगी अंगानं मोठी दिसत असेल तर तिचं आधार जवळ ठेवा. घरी बसून काढायची तशी गरज नाही. तिकीटघराबाहेर क्यूआरचा फलक असतो, तो स्कॅन करून उभ्या उभ्या निघतं. होतं काय, की फाटकाशी नेट रडतं, पैसे कापले जातात आणि तिकीट येत नाही. मग माणूस घाबरून पुन्हा पैसे भरतो. तसं झालं तर आधी तिकिटाची ईमेल बघा, नसेल तर रोखीच्या रांगेत लागा. म्हणून आदल्या रात्री खोलीवरून काढलेलं बरं आणि त्याचा स्क्रीनशॉट मोबाइलमध्ये ठेवावा.

कुतुब. मेट्रो स्टेशनचं नाव 'कुतुबमिनार' असलं तरी मिनार तिथून दीडेक किलोमीटर लांब आहे, ई-रिक्षा करावी लागते. सकाळी लवकर पोचा, दहानंतर शाळांच्या सहली येतात. मिनार ७२.५ मीटर उंच, आत ३७९ पायऱ्या, पण १९८१ च्या चेंगराचेंगरीनंतर वर चढू देत नाहीत. त्यामुळे आईंचा प्रश्नच मिटला, बाकी परिसर बराचसा सपाट आहे.

बहुतेक लोक मिनारासमोर फोटो काढून निघतात. खरं पाहायचं ते बाजूच्या मशिदीत आहे. ओवरीचे खांब जवळून बघा : साखळीला लटकलेल्या घंटा, कलश, पानंफुलं. सत्तावीस मंदिरांचे दगड वापरल्याचं तिथल्याच फारसी शिलालेखात कोरलेलं आहे. मंदिराचा एक खांब उंचीला पुरेना म्हणून एकावर एक दोन चढवलेत, त्यांचा सांधा डोळ्यांच्या थोडा वर सहज दिसतो. मग अंगणातली मोठी कमान बघा. ती दिसते कमानीसारखी, पण दगड आडवे ठेवून एकेक थर थोडा पुढं सरकवत नेलाय. आपल्याकडच्या कारागिरांची हीच रीत होती. तिथून शंभरेक पावलांवर अलाउद्दीन खिलजीचा अलाई दरवाजा (१३११) आहे. त्याच्या कमानीत पाचरीसारखे दगड मध्याकडे तोंड करून बसवलेत. ही झाली खरी कमान. ती आडव्या थरांची कमान बाराव्या शतकाच्या अखेरची, ही १३११ ची. मधल्या शंभर-सव्वाशे वर्षांत बांधकाम कसं बदललं ते मुलीला या दोन जागी उभं करून दाखवा, पुस्तकातल्या धड्यापेक्षा लवकर कळेल.

लोहस्तंभ साधारण ७.२ मीटर उंच, वजन सहा टनांहून जास्त, गुप्तकाळातला. त्यावर ब्राह्मीत 'चंद्र' राजाची प्रशस्ती आहे. गंज का चढत नाही, तर लोखंडात फॉस्फरसचं प्रमाण जास्त आहे, त्यामुळे पृष्ठभागावर एक पातळ घट्ट थर धरतो आणि तोच आतल्या लोखंडाला राखतो. पूर्वी लोक पाठ लावून मागून हात जुळतात का बघायचे. त्या घासण्यानं खालचा भाग चकचकीत झाला, म्हणून आता भोवती कठडा आहे. गाइड अजूनही हात जुळले की इच्छा पूर्ण होते म्हणून सांगतील, कठड्याबाहेरून ऐकून घ्या.

हुमायूनचा मकबरा. इथं आईंचा विचार करावा लागेल. मुख्य इमारत उंच चौथऱ्यावर आहे आणि वर जायचा दगडी जिना अरुंद, पायऱ्या गुडघाभर वाटाव्यात अशा. आईंना खाली चारबागेत झाडाखाली बसू द्या, तिथून इमारत उलट जास्त चांगली दिसते. त्याच आवारात शिरताना उजव्या हाताला इसाखानाचा अष्टकोनी मकबरा आहे, तो हुमायूनच्याही आधीचा. तो जमिनीलगत आहे, तिथं त्यांना नेता येईल. बाहेर फाटकाजवळ जमिनीखाली नवं संग्रहालय झालंय (२०२४ मध्ये उघडलं), तिकीट काढतानाच त्याचीही चौकशी करा.

आता खान्देशाचं. तिथून थोडं दक्षिणेला, मथुरा रोडलगत, अब्दुल रहीम खानखानानचा मकबरा आहे. दोह्यांचा रहीम तो हाच. त्यानं तो आधी बायकोसाठी बांधला (१५९८), पुढं १६२७ मध्ये त्यालाही तिथंच पुरलं. रहीम कित्येक वर्षं बुऱ्हाणपुरात मोगलांचा सुभेदार होता. तिथली कुंडी भंडाऱ्याची पाणीयोजना त्याच्याच काळातली. अकबरानं १६०१ च्या जानेवारीत असिरगड घेतला, फारुकींचं राज्य संपलं आणि शाहजादा दानियालच्या नावानं खान्देशाचं 'दानदेश' झालं. तो दानियाल म्हणजे रहीमचा जावई. म्हणजे रावेरच्या पलीकडं तासाभराच्या अंतरावरची गोष्ट निजामुद्दीनच्या त्या आवारात येऊन संपते. घुमटाकडं नीट बघा : त्यावरचा संगमरवर अठराव्या शतकात काढून सफदरजंगच्या मकबऱ्याला नेला, म्हणून घुमट आजही बराचसा उघडा दिसतो. दुरुस्ती होऊन २०२० च्या डिसेंबरात तो पुन्हा खुला झाला. तिकीट वेगळं काढावं लागतं. पाऊण तास पुरे. गर्दी जवळजवळ नसते.

पांझरा (धुळे)

तापीकाठ दादा, बाकी सगळं मान्य, पण राष्ट्रीय संग्रहालय रविवारी दुपारी ठेवणं पटत नाही. रात्रभर गाडीत झोप झालेली नसते, त्यात मंद दिवे, गार हवा आणि दालनामागून दालन. पहिल्या तासात मुलगा बाकावर झोपेल. ते मंगळवारी सकाळी दहाला दार उघडताच गाठा. रविवारी त्याऐवजी बंगला साहिब (पटेल चौक स्टेशन), लंगर, तिथून जंतरमंतर आणि संध्याकाळी युद्ध स्मारक. गुरुद्वाऱ्यात डोकं झाकायला रुमाल तिथंच मिळतात.

राष्ट्रीय संग्रहालयात दोन लाखांहून जास्त वस्तू आहेत, 'सगळं बघू' म्हणणारा काहीच बघत नाही. तळमजल्यावर हडप्पा दालन, तिथंच निम्मा वेळ द्या. मोहेंजोदडोची नर्तकी लोक शोधत फिरतात आणि तिच्यापुढून निघून जातात, कारण पाठ्यपुस्तकातल्या चित्रावरून ती हातभर असेल असं वाटतं. आहे फक्त १०.५ सेंटिमीटर, म्हणजे तळहातात मावेल. डावा हात खांद्यापासून मनगटापर्यंत बांगड्यांनी भरलेला, उजवा कमरेवर. मेणाचा साचा करून ओतलेलं कांस्य. पशुपतीची मुद्रा तर साडेतीन सेंटिमीटरची. अशा वस्तूंसाठी काचेला नाक लावून उभं राहावं लागतं, म्हणून गर्दीच्या आधी जायचं. त्याच दालनात राखीगढीचा सांगाडा आहे आणि मातीच्या खेळण्यातल्या बैलगाड्या आहेत. पोळ्याच्या बाजारात असतात त्याच घडणीच्या. तिथून पुढं बौद्ध कलेच्या दालनात पिप्रहवा इथं सापडलेल्या बुद्धाच्या अस्थी आहेत, सोन्याचा मुलामा दिलेल्या थायलंडच्या मंडपात. वरचे मजले चित्रं, हस्तलिखितं, नाणी यांचे. आवड असेल तरच चढा, लिफ्ट आहे.

दोन-तीन दालनं दुरुस्तीसाठी कायम बंद असतात, तेव्हा तिकीट घेतानाच 'कौनसी गॅलरी बंद है' विचारा. संग्रहालय नॉर्थ आणि साउथ ब्लॉकमध्ये हलवायची योजना जाहीर झालेली आहे, त्यामुळे निघायच्या आठवड्यात अधिकृत संकेतस्थळ बघून घ्या. मुलांची शाळेची ओळखपत्रं न्या, विद्यार्थ्यांना जवळजवळ फुकट आहे. पाठीवरच्या मोठ्या पिशव्या दाराशी ठेवून घेतात. दाराशी व्हीलचेअरही मागा. आईंना चालता येतं म्हणून संकोच करू नका, तीन तास उभं राहणं हे चालण्यापेक्षा वाईट.

आणखी एक, जे बाहेरच्या सहल कंपन्या दाखवत नाहीत : २६ अलीपूर रोड. बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण (६ डिसेंबर १९५६) जिथं झालं तिथं आता राष्ट्रीय स्मारक आहे, उघडलेल्या पुस्तकाच्या, म्हणजे संविधानाच्या आकाराची इमारत. यलो लाइनवर सिव्हिल लाइन्स स्टेशन. सोमवारी तेही बंद. लाल किल्ल्याच्या दिवशी दोन स्टेशनं पुढं गेलं की झालं.

फेब्रुवारीत जाताय तर राष्ट्रपती भवनाचं अमृत उद्यान बहुधा खुलं असेल. प्रवेश फुकट, पण नाव ऑनलाइन नोंदवून जावं म्हणजे रांग वाचते. भवनाच्या आतली सहल वेगळी, तिची नोंदणी आधी करावी लागते आणि सुटीच्या दिवशीच्या जागा पटकन भरतात. नावं आधारवर आहेत तशीच टाका. 'सौ.', 'श्री.' किंवा वडिलांचं नाव गाळलं की दाराशी तपासताना अडतं. आपल्या बोदवड तालुक्यातल्या नाडगावात जन्मलेल्या प्रतिभाताई पाटील २००७ ते २०१२ तिथं होत्या, हे आईबाबांना सांगावं लागणार नाही.

भुसावळ जंक्शन

मुलाच्या वाटणीचं मी सांगतो.

रेल्वे म्युझियम चाणक्यपुरीत, १९७७ पासून. मेट्रो दाराशी नाही. पंतप्रधान संग्रहालय (तीन मूर्ती, लोककल्याण मार्ग स्टेशन) आणि हे एका दिवशी जोडा, मधलं अंतर रिक्षानं जायचं. क्रम मात्र उलटा ठेवा : आधी रेल्वे म्युझियम, मग पंतप्रधान संग्रहालय. कारण रेल्वेचं बहुतेक उघड्यावर आहे, दुपारी इंजिनांचे पत्रे तापतात. बुधवारी गेलात तर छोट्या गाडीच्या फेरीला रांग नसते, रविवारी तासभर लागते. फेरीचं तिकीट वेगळं, ते प्रवेशाच्या तिकिटाबरोबरच घ्या.

पोरं वाफेच्या इंजिनांकडं धावतात. त्याला ओढून 'खेकडा' दाखवा. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचं, १९२८ च्या सुमाराचं विजेवरचं मालगाडीचं इंजिन, इगतपुरी-कसारा आणि लोणावळा-कर्जत घाटांसाठी आणलेलं. 'सर लेस्ली विल्सन' हे नाव त्याच्या अंगावर आहे. मधली केबिन आणि दोन्हीकडची लांब नाकं सांध्यावर जोडलेली, म्हणून वळणावर ते लांबलचक इंजिन मोडत नाही, वाकतं. चाकांना आजच्यासारखी स्वतंत्र मोटर नाही. मोटर वर, तिची ताकद जाड दांड्यांनी चाकांवर उतरते. चालताना ते दांडे खालीवर हलायचे. जवळ उभं राहिलं की दांड्यांचे सांधे नीट दिसतात. पतियाळाची एकरुळी गाडीही (१९०७) बघा : एका बाजूचं चाक रुळावर, दुसऱ्या बाजूचं मोठं चाक सरळ रस्त्यावर.

आता आग्रा. तापीकाठ दादा सोडा म्हणतात, मी म्हणतो एक वाट आहे. तुमची परतीची गाडी आपल्याच मार्गाची, म्हणजे मथुरा-आग्रा-ग्वाल्हेर-झाशी-भोपाळ करत भुसावळला येणारी. ती आग्रा कँटला थांबत असेल तर चढण्याचं स्थानक नवी दिल्लीऐवजी आग्रा कँट करून घ्या. हे ऑनलाइन होतं, गाडी सुटण्याच्या किमान २४ तास आधी करून मोकळे व्हा. मग बुधवारी सकाळच्या गाडीनं सामानासकट आग्रा, सामान स्टेशनच्या क्लोकरूममध्ये, ताज बघून रात्री तिथूनच आपली गाडी. दिल्लीला परत यायची फेरी वाचली. एकदा स्थानक बदललं की मग नवी दिल्लीहून चढता येत नाही, हे घरात सगळ्यांना बजावून ठेवा. क्लोकरूममध्ये कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत. दोरीनं बांधलेली पिशवी किंवा वरून शिवलेली केळीच्या वेफर्सची खोकी तर नाहीच. कुलपं घरूनच न्या.

ताजचं तिकीट ५० रुपये, आणि मुख्य कबरीच्या चौथऱ्यावर जायचं तर वरून २०० रुपये. आई चढणार नसतील तर त्यांचं २०० चं काढू नका. शुक्रवारी बंद, तुम्हाला बुधवार असल्यामुळे अडचण नाही. खाण्याचे डबे आत नेऊ देत नाहीत, दशम्या स्टेशनवरच संपवा.

तापीकाठ (भुसावळ)

जंक्शन भाऊ, वाट चांगली आहे, पण मग पंतप्रधान संग्रहालय आणि खेकडा दोन्ही गेले. शिवाय धुकं. फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात कमी असतं, पण सकाळची गाडी दोन तास उशिरा धावली की ताज धावतपळत. आईंचे गुडघे बघता मी अजूनही आग्रा नकोच म्हणेन.

गिरणाथडी (जळगाव)

सगळ्यांचे आभार. घरात मत घेतलं : आईनं ताजला नाही म्हटलं, 'बुऱ्हाणपूरला जिथं ती मुमताज मेली ते पाहिलंय, पुरे'. म्हणजे आग्रा रद्द. मंगळवारी सकाळी राष्ट्रीय संग्रहालय, बुधवारी सकाळी रेल्वे म्युझियम, दुपारी पंतप्रधान संग्रहालय. मग लाल किल्ला कुठं बसवू? मंगळवारी दुपारी चालेल का? आणि आत नेमकं काय बघायचं? गेल्या वेळी गेलेले शेजारी म्हणाले, नुसत्या रिकाम्या खोल्या आहेत.

सातपुडा (रावेर)

मंगळवारी दुपारी चालेल, मात्र दोनच्या आत लाहोरी दरवाजा गाठा. तपासणीची रांग लांब असते आणि पॉवर बँक, चाकू, लायटर यांवरून अडवतात. आईंचा सुपारी कापायचा अडकित्ता खोलीवरच ठेवा.

रिकाम्या खोल्या हे खरं आहे, कारण १८५७ नंतर इंग्रजांनी आतले महाल, जनानखाना पाडून बराकी बांधल्या. जे उरलं ते यमुनेच्या बाजूची एक ओळ. त्यामुळे किल्ला बघताना 'इथं काय होतं' हे आधी माहीत असावं लागतं. छत्ता चौकाचा बाजार ओलांडला की नौबतखाना, त्याच्यापुढं दिवाण-ए-आम आणि टोकाला दिवाण-ए-खास.

दिवाण-ए-खासमध्ये खांबांवरचं रंगीत दगडांचं जडावकाम सगळे बघतात. तुम्ही वर बघा. आजचं छत नंतरचं आहे. मूळचं चांदीचं छत १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी उतरवून त्याचे रुपये पाडले, कारण पानिपताच्या मोहिमेत फौजेला द्यायला पैसा नव्हता. त्याच दालनात १८५८ मध्ये बहादूरशहा जफरवर खटला चालला. तो पकडला गेला होता हुमायूनच्या मकबऱ्यात, म्हणजे तुम्ही सोमवारी जिथं बसून आलेले असाल तिथं. मुलीला हा धागा आधी सांगा, मग रिकाम्या खोल्या रिकाम्या वाटत नाहीत.

बराकींमध्ये आता संग्रहालयं आहेत : १८५७, नेताजी आणि आझाद हिंद सेना, जालियनवाला बाग. आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरचे खटले १९४५-४६ मध्ये या किल्ल्यातच चालले. सगळी बघायला दुपार पुरणार नाही. १८५७ चं आणि नेताजींचं घ्या. लाहोरी दरवाजापासून दिवाण-ए-खासपर्यंत चालणं बरंच आहे, मध्ये बसायला कठडे थोडे. दोन पाण्याच्या बाटल्या जवळ हव्याच.

जामा मशीद त्याच दिवशी नको. तिचा जिना उंच आहे आणि नमाजाच्या वेळी बाहेरच्यांना थांबवतात. चांदणी चौकात दिवसा मोटारी बंद असतात, सायकलरिक्षा मिळते. आईबाबांना तीत बसवून फतेहपुरीपर्यंत एक फेरी मारा. भाडं बसायच्या आधी ठरवा आणि 'दोघांचं मिळून' असं स्पष्ट म्हणा, नाहीतर उतरताना ते माणशी होतं.

पांझरा (धुळे)

युद्ध स्मारकाचं राहिलं. प्रवेश फुकट आहे. त्याग चक्राच्या भिंतींवर पंचवीस हजारांहून जास्त जवानांची नावं ग्रॅनाइटच्या एकेका विटेवर, हुद्दा आणि रेजिमेंटसह कोरलेली आहेत. गावातलं कुणी शहीद असेल तर नाव, रेजिमेंट आणि साल घरून लिहून न्या. तिथल्या टचस्क्रीनवर शोधलं की कोणत्या भिंतीवर आहे ते कळतं. स्पेलिंग कागदपत्रांत होतं तसंच टाकावं लागतं. 'पाटील' सापडतो, पण 'देवरे'चं इंग्रजी लिहिण्याचे तीन प्रकार निघतात, तिन्ही करून बघा. संध्याकाळी झेंडा उतरवायचा सोहळा सूर्यास्ताच्या जरा आधी असतो, अर्धा तास आधी पोचलात तर आईंना पुढं बसायला जागा मिळेल.

गिरणाथडी (जळगाव)

गावातला एक जण आहे, १९७१ चा. रेजिमेंट विचारून घेतो. अडकित्त्याचं आईला सांगितलं, ती म्हणतेय सुपारी घरूनच कातरून नेते.